भिंत हलवून वाचलेले घर्षण आणि भिंत हलवायला लागलेली शक्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहत्या हवेचा आणि पाण्याचा रोध कमी करण्यासाठी पृष्ठभागच (आम्ही त्याला भिंत म्हणतो) प्रवाहाला आडवा, डावी-उजवीकडे हलवायचा, या तंत्रावर आपल्या विज्ञान पुरवणीत लेख आला. हा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून लेखाचे मनापासून स्वागत. मात्र ‘घर्षण ४० टक्क्यांनी कमी होते, म्हणून विमाने आणि जहाजे ४० टक्के इंधन वाचवतील’ हे त्यातले वाक्य दुरुस्त व्हायला हवे. ४० हा आकडा खोटा नाही. पण त्याच्या जोडीला भिंत हलवायला किती शक्ती लागली तो आकडा छापला नाही, तर वाचकाला उत्पन्न कळते आणि खर्च कळत नाही. या क्षेत्रात सगळी गोम त्या खर्चातच आहे.

पहिली गोष्ट, भिंतीवरचे घर्षण म्हणजे एकूण रोध नव्हे. तेलवाहिनीत जवळपास सगळा रोध घर्षणाचा असतो. संथ चालणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजात त्याचा वाटा अर्ध्याहून बराच जास्त असतो. प्रवासी विमान ठरावीक उंचीवर सरळ उडत असताना तो साधारण निम्मा असतो. समजा, निम्मा रोध घर्षणाचा आहे, हलती भिंत ६० टक्के क्षेत्रावर बसवता आली आणि तिथे पूर्ण ४० टक्के घट मिळाली. तरी एकूण घट ०.५ × ०.६ × ०.४, म्हणजे १२ टक्के. यात भिंत हलवायचा खर्च अजून धरलेलाच नाही.

आता भिंत आडवी हलवल्याने घर्षण कमी का होते ते पाहू, कारण खर्चाचा हिशेब त्यातूनच निघतो. प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी घुसळलेल्या प्रवाहात भिंतीला अगदी लागून एक पातळ थर असतो. त्यात संथ आणि वेगवान द्रवाचे (इथे द्रव म्हणजे वाहणारे काहीही, हवा किंवा पाणी) लांबट पट्टे प्रवाहाच्या दिशेने एकाशेजारी एक पसरलेले असतात. स्टॅनफर्डमध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सोडून हे पट्टे दाखवले आणि १९६७ साली ते काम प्रसिद्ध केले. पट्ट्यांच्या थोडे वर, प्रवाहाच्या दिशेने आडवे पडलेले छोटे भोवरे असतात. हे भोवरे वरचा वेगवान द्रव भिंतीवर आपटतात आणि भिंतीजवळचा संथ द्रव उचलून वर फेकतात. वेगवान द्रव भिंतीवर आपटला की घर्षण वाढते. भोवऱ्यांमुळे पट्टे तयार होतात आणि पट्टे मोडताना नवे भोवरे जन्मतात, असे हे चक्र स्वतःच चालू राहते.

या थरातल्या लांब्या मीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. त्यासाठी वेगळे एकक वापरतात. भिंतीवरच्या घर्षणाच्या ताणाला घनतेने भागून वर्गमूळ काढले की ‘घर्षण वेग’ मिळतो. श्यानतेला (द्रवाच्या चिकटपणाच्या मापाला) घनतेने भागायचे आणि आलेल्या संख्येला घर्षण वेगाने भागायचे, की लांबीचे भित्ती-एकक मिळते. त्या लांबीला पुन्हा घर्षण वेगाने भागले की काळाचे भित्ती-एकक. या मापात पट्ट्यांमधले अंतर सरासरी १०० एकके असते आणि भोवऱ्यांचे केंद्र भिंतीपासून १५ ते २० एककांवर. द्रव हवा असो वा पाणी, वेग कमी असो वा जास्त, हे आकडे फारसे बदलत नाहीत.

भिंत आडवी पुढेमागे सरकवली की तिच्याबरोबर द्रवाचा एक अगदी पातळ थर हलतो. फेऱ्याचा काळ १०० एकके असेल तर त्या थराची जाडी साडेपाच एककांच्या आसपास येते. या हालचालीमुळे पट्टे आणि त्यांच्यावरचे भोवरे एकमेकांपासून बाजूला सरतात, त्यांची जोडी जुळत नाही आणि चक्र मंदावते. जंग, मांजियाव्हाकी आणि अखावन यांनी १९९२ मध्ये संगणकीय गणनेतून हे दाखवले. फेऱ्याचा काळ १०० एकके ठेवल्यावर त्यांना सुमारे ४० टक्के घट मिळाली. आपल्या लेखातला आकडा याच वळणाचा आहे. फेरा याहून खूप जलद केला तर हलणारा थर इतका पातळ होतो की भोवऱ्यांपर्यंत पोचतच नाही. फार सावकाश केला तर पट्ट्यांना नव्या दिशेशी जुळवून घ्यायला सवड मिळते आणि फायदा ओसरतो.

खर्चाचे सूत्र दीडशे वर्षांहून जुने आहे, स्टोक्सच्या हलत्या पाटीच्या गणितातले. एका चौरस मीटरमागे सरासरी लागणारी शक्ती काढायची तर घनतेच्या निम्म्याला भिंतीच्या कमाल वेगाच्या वर्गाने गुणायचे. मग पाय (π) गुणिले श्यानता, भागिले घनता, भागिले फेऱ्याचा काळ, या संख्येचे वर्गमूळ घेऊन त्यानेही गुणायचे. भित्ती-एककांत कमाल वेग १२ (म्हणजे घर्षण वेगाच्या १२ पट) आणि काळ १०० घेतला तर उत्तर १२.८ येते. कमी रेनल्ड्स अंकाच्या (हा अंक म्हणजे काय ते पुढे येते) सपाट वाहिनीत प्रवाह चालवायला याच मापात १५.८ शक्ती लागते. भिंतीच्या या वेगाला घर्षण एक तृतीयांश वाचते, म्हणजे तेवढ्यासाठी प्रवाहाच्या शक्तीच्या ८१ टक्के शक्ती भिंतीला द्यावी लागते. हा उघड तोटा आहे.

तोटा भरून कसा काढायचा, तेही सूत्रच सांगते. खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो, पण घर्षणातली घट तेवढ्या वेगाने वाढत नाही. म्हणून भिंतीचा वेग खाली आणला की खर्च झपाट्याने उतरतो आणि फायदा मात्र हळूहळू कमी होतो. क्वाड्रिओ आणि रिक्को यांनी २००४ मध्ये याची पद्धतशीर छाननी केली. त्यांना घर्षणातली सर्वाधिक घट ४४.७ टक्के मिळाली, पण ती भिंतीचा वेग २७ एककांवर नेल्यावर. खर्च वजा जाता सर्वाधिक निव्वळ बचत ७.३ टक्के निघाली. ती मिळाली भिंतीचा वेग ४.५ एकके आणि काळ सुमारे १२५ एकके असताना. वरच्या सूत्रात हे दोन आकडे घातले तर खर्च प्रवाहाच्या शक्तीच्या १० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे हिशेब जुळतो. बातमीच्या मथळ्यात जायला हवा तो हा ७.३.

यातही एक मेख आहे. सूत्रात फक्त द्रवाला दिलेली शक्ती धरली आहे. मोटर, बेअरिंग, पाटीचे स्वतःचे वजन थांबवून पुन्हा उलट फिरवण्याचा खर्च, यांपैकी काहीही त्यात नाही. पाटी स्प्रिंगवर बसवून तिच्या नैसर्गिक वारंवारतेवर हलवली तर वजनाचा खर्च बराच परत मिळतो. पण मग फेऱ्याचा काळ स्प्रिंग ठरवते. प्रवाहाचा वेग बदलला की योग्य काळ बदलतो, स्प्रिंग मात्र तीच राहते.

प्रत्यक्ष यंत्रांवर येऊ. विमान ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने ११ किलोमीटर उंचीवर उडत असेल, तर घर्षण वेग सेकंदाला साधारण साडेसात मीटर येतो आणि लांबीचे भित्ती-एकक ५ मायक्रोमीटर. १०० एककांचा फेरा म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी सुमारे ६७ भाग, अर्थात १५ किलोहर्ट्झ. भिंतीचा वेग १२ एकके हवा असेल तर सेकंदाला ९० मीटर. पृष्ठभाग मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम एक मिलिमीटर सरकेल, पण त्याचे त्वरण गुरुत्वाच्या आठ लाख पटींहून जास्त असेल. ते सोसणारा कोणताही पत्रा नाही. सेकंदाला १० मीटर वेगाच्या जहाजासाठी हेच गणित सुमारे ७०० हर्ट्झ आणि पाऊण मिलिमीटर असे उतरते. ऐकायला हे सोपे वाटते, पण तिथे हजारो चौरस मीटरचा तळ पाण्याखाली हलवायचा असतो. फेऱ्यांची वारंवारता घर्षण वेगाच्या वर्गाने वाढते, आणि प्रयोगशाळेतले यश समुद्रावर किंवा आकाशात नेताना सगळे अडते ते इथेच.

सगळी भिंत एकदम हलवण्याऐवजी तिच्यावरून आडव्या हालचालीची लाट पुढे सरकवली तर तीच घट कमी शक्तीत मिळते, हे क्वाड्रिओ, रिक्को आणि व्हिओटी यांनी २००९ मध्ये दाखवले. लाटेची दिशा आणि गती यांवर इथे सारे अवलंबून आहे. प्रवाहाच्या दिशेने सावकाश सरकणारी लाट घर्षण खूप कमी करते. प्रवाहाच्या उलट सरकणारी लाट कोणत्याही गतीला घर्षण कमीच करते. पण प्रवाहाच्या दिशेने घर्षण वेगाच्या सुमारे १० पट गतीने लाट गेली तर घर्षण वाढते. भिंतीजवळचे भोवरे त्याच गतीने वाहत असतात. लाट त्यांच्या बरोबरीने चालली की त्यांना भिंत स्थिरच भासते, पट्टे आणि भोवरे एकमेकांपासून सुटत नाहीत. लाट आणखी जलद केली की पुन्हा घट दिसू लागते. म्हणून ‘लाट जितकी जलद तितके बरे’ हे लेखातले विधान थेट चुकीचे आहे. मिलानमधल्या गटाने नळीचे एकामागोमाग अनेक कडे वेगवेगळे फिरवून ही लाट प्रत्यक्षात आणली आणि ३३ टक्के घट मोजली. कड्यांची लाट ही पायऱ्या-पायऱ्यांची असते. एका लाटेत दोन-तीनच कडे असतील तर मूळ लाटेबरोबर नको असलेल्या दुसऱ्या लाटाही तयार होतात आणि निकालात मिसळतात. असे प्रयोग वाचताना एका लाटेत किती कडे होते ते आधी पाहावे.

रेनल्ड्स अंकाचा मुद्दा लेखात सुटला आहे. इथे रेनल्ड्स अंक म्हणजे सीमास्तराच्या (भिंतीमुळे मंदावलेल्या थराच्या) जाडीत किती भित्ती-एकके मावतात तो आकडा. २००४ च्या गणनेत तो सुमारे २०० होता. विमानाच्या धडाच्या मागच्या भागात तो कित्येक दहा हजारांवर जातो. अंक वाढला की जलद हालचालीने मिळणारी टक्केवारी घसरते. २०२१ मध्ये मेलबर्नच्या मारुसिक आणि सहकाऱ्यांनी हा अंक १२,८०० पर्यंत नेऊन प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध केले. ६,००० ला जलद हालचालीने २५ टक्क्यांपर्यंत घट मिळाली, पण खर्च बचतीपेक्षा जास्त झाला. मग त्यांनी भिंत सावकाश हलवली, भिंतीपासून दूर असलेल्या मोठ्या भोवऱ्यांच्या तालावर. १२,८०० ला त्यातून १३ टक्के घट मिळाली, लागणारी शक्ती फारच कमी होती आणि रेनल्ड्स अंकाबरोबर घट वाढत गेली. आम्हा अभ्यासकांना या क्षेत्रात सर्वांत आशा वाटते ती या निकालामुळे. ४० पेक्षा १३ हा आकडा लहान आहे, पण तो मोठ्या यंत्रांच्या दिशेने वाढणारा आहे.

तरीही घाई नको. फेऱ्याचा काळ १०० ऐवजी ६०० एकके घेतला आणि भिंतीचा वेग ५ एककांवर आणला, तर वरच्या विमानासाठी अडीच किलोहर्ट्झ आणि गुरुत्वाच्या सुमारे ६० हजार पट त्वरण येते. जहाजासाठी मात्र ११० हर्ट्झच्या आसपास, दोन्ही बाजूंना दोन मिलिमीटर आणि गुरुत्वाच्या १०० पट त्वरण. पहिले आजही अशक्य आहे, दुसरे अवघड आहे. दोघांना एकाच वाक्यात बसवू नये.

न हलणाऱ्या उपायांचा उल्लेख लेखात एका ओळीत उरकला आहे. प्रवाहाच्या दिशेने कोरलेल्या बारीक खोबणींनी, म्हणजे रिब्लेट्सनी, बर्लिनमध्ये बेखर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत ९.९ टक्के घट दाखवली. दोन धारांमधले अंतर १५ ते १७ भित्ती-एकके आणि उंची त्याच्या निम्मी, हे माप उत्तम ठरते. वरच्या विमानासाठी हे अंतर ८० मायक्रोमीटरच्या आसपास येते, जहाजासाठी ६५. अंतर ३० एककांच्या पुढे गेले की भोवरे खोबणीत शिरतात आणि घर्षण उलट वाढते. प्रवाह खोबणीला ३० अंशांनी तिरका आला तर फायदा जवळजवळ संपतो. पाण्यात शेवाळ आणि शिंपले साठले की खोबणी राहतच नाही. प्रवासी विमानांवर अशी फिल्म आज लावली जाते आणि इंधनबचत साधारण १ टक्का मिळते. हा १ टक्का पूर्ण निव्वळ आहे, कारण खोबणी हलवायला काही लागत नाही.

तेलवाहिन्यांत लाखात एक-दोन भाग लांब साखळीचे पॉलिमर मिसळून मिळणारी घट याहून कितीतरी मोठी असते. टॉम्स यांनी हा परिणाम १९४८ मध्ये मांडला आणि अलास्काच्या वाहिनीत तो १९७९ पासून वापरात आला. पंपातल्या ओढाताणीत पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, म्हणून ते पंपाच्या पुढे सोडावे लागते आणि पुढच्या पंपानंतर पुन्हा नव्याने.

आपल्या वाचकांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच असतात. हलत्या भिंतीचा परिणाम डोळ्यांनी पाहायला महागडे यंत्र लागत नाही. पाण्याची उघडी वाहिनी, वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर. पाटीच्या सुरुवातीला ३ मिलिमीटरची आडवी सळी लावून प्रवाह प्रक्षुब्ध करायचा आणि सळीच्या पुढे मीटर-सव्वा मीटरवर हलता भाग ठेवायचा. इथे घर्षण वेग सेकंदाला १४ मिलिमीटरच्या आसपास येतो, लांबीचे भित्ती-एकक ७० मायक्रोमीटर, आणि १०० एककांचा फेरा बरोबर अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला दोन फेरे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ मिलिमीटर सरक, एवढे साधा क्रँक सहज देतो. पाटीतल्या बारीक आडव्या फटीतून रंग हलकेच झिरपू दिला की स्थिर पाटीवर सुमारे ७ मिलिमीटर अंतराने रंगाचे पट्टे उभे राहतात, वळवळतात आणि मधूनच उसळून वर जातात. पाटी हलू लागली की उसळ्या विरळ होतात. रंग जास्त दाबाने सोडला तर तोच प्रवाह बिघडवतो, म्हणून तो वजनानेच उतरू द्यावा.

जोडणीत तीन गोष्टी हमखास चुकतात. स्थिर आणि हलत्या भागाच्या सांध्यावर पायरी राहते. ती ५ एककांच्या, म्हणजे ०.३५ मिलिमीटरच्या आत हवी. पाटीची बाजूची कड पाण्यात उघडी राहिली तर ती वल्ह्यासारखी पाणी ढकलते. कड खोट्या तळाखाली लपवावी. आणि हलता भाग आखूड केला तर परिणाम पूर्ण उमटण्याआधीच भाग संपतो. सीमास्तराच्या जाडीच्या कित्येक पट लांबी त्याला द्यावी.

घर्षण मोजणे हे सर्वांत कठीण. वरच्या वाहिनीत भिंतीवरचा ताण ०.२ पास्कल असतो. ३० बाय ५० सेंटिमीटरच्या पाटीवर तो जेमतेम ०.०३ न्यूटन भरतो, म्हणजे ३ ग्रॅम वजन. तीच पाटी २ किलोची असेल तर आडवी हलवताना सव्वाचार न्यूटन बल लागते, १४० पट. बल मोजणारा काटा एका अंशाने जरी तिरका बसला, तरी आडव्या बलाचा जो अंश त्यात शिरतो तो मोजायच्या बलाहून मोठा असतो. हा अंश फेऱ्याबरोबर उलटसुलट होतो, त्यामुळे पूर्ण फेऱ्यांचीच सरासरी घेतली तर तो जातो. अर्धवट फेरा राहिला तर काही टक्के खोटी ‘घट’ हातात येते. काट्याऐवजी लेझरने भिंतीपासून ०.३५ मिलिमीटरच्या आत तीन-चार उंचींवर वेग मोजून त्याचा उतार काढणे अधिक भरवशाचे, फक्त पाटीवर काळा मंद रंग द्यावा, नाहीतर परावर्तनाने सर्वांत खालचे बिंदू वाया जातात. स्थिर आणि हलत्या पाटीची मोजमापे लागोपाठ, एकाच तापमानाला घ्यावीत. २० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापले की श्यानता २ टक्क्यांहून जास्त उतरते आणि घर्षण अर्धा टक्का बदलते. आणि टक्केवारी लिहिताना भित्ती-एकके स्थिर पाटीच्या घर्षण वेगावर काढली की हलत्या पाटीच्या, हे तक्त्याखाली लिहावे. घर्षण ४० टक्के घटले तर दोन्ही घर्षण वेगांत सव्वाबावीस-साडेबावीस टक्क्यांचा फरक पडतो. काळ त्याच्या वर्गाने मोजला जातो, त्यामुळे एकाचा १०० एककांचा फेरा दुसऱ्याच्या मापात ६० होतो.

आपले,
द्रवगतिकीचे काही अभ्यासक